प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत शब्द संपतात

एका ताईंचा प्रश्न आहे. लहानपणापासून विश्वासात आहेत, रोज पहाटे प्रार्थनेला बसतात, पण पाच मिनिटांत बोलण्यासारखं सगळं संपतं आणि मन दिवसभराच्या कामांत फिरायला लागतं. मुलगा मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, तुटलाय, घरीही फारसा बोलत नाही. त्याच्यासाठी सहा वर्षं मागतायत, काही हललेलं नाही. नवऱ्याबरोबर प्रार्थना करायला बसावं तर तो मान खाली घालून गप्प. शेवटी त्या विचारतात, “माझं प्रार्थना-जीवन प्रभावी कसं होईल?”

ताई, मी सत्तावीस वर्षं पाळक आहे. त्यातली पहिली दहा वर्षं माझी जाहीर प्रार्थना उत्तम होती आणि खासगी प्रार्थना जवळजवळ नव्हतीच. समोर माइक असला की शब्द झऱ्यासारखे यायचे, खोलीचं दार लावलं की काही सुचायचं नाही. त्यामुळे तुमची पाच मिनिटं मला चांगली ओळखीची आहेत. माझी तर तीनच होती.

आधी तो ‘प्रभावी’ शब्द बघू. बहुतेक वेळा त्याचा अर्थ आपण ‘काम होणारी’ असा धरतो. अमुक शब्द, अमुक वेळ, इतके उपास, इतका विश्वास घातला की पलीकडून उत्तर बाहेर पडलं पाहिजे. बायबलमध्ये याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात नीतिमानाच्या प्रार्थनेत मोठं बळ असतं असं सांगतो खरं, पण लगेच उदाहरण देतो एलीया संदेष्ट्याचं, आणि आवर्जून म्हणतो की तो आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता. हा तोच एलीया, ज्याने पावसासाठी प्रार्थना करताना चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवलं, तेव्हा कुठे तळहाताएवढा ढग दिसला. आणि पुढच्याच अध्यायात तो एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणतो. ही दुसरीही प्रार्थनाच आहे. तिला देवाने रागावून उत्तर दिलं नाही. त्याला झोपू दिलं, उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं.

माझा अनुभव असा की शब्द संपतात ते बोलण्यासारखं काही उरत नाही म्हणून नव्हे. जे खरोखर बोलायचंय ते आपण प्रार्थनेत आणतच नाही, म्हणून संपतात. ते आपल्याला प्रार्थनेच्या लायकीचं वाटत नाही.

हे मला एका आजारी माणसाने शिकवलं. दवाखान्यात त्याला भेटायला गेलो होतो. पलंगाशी उभा राहून मी सुरुवात केली: “हे परमदयाळू, सर्वसमर्थ, सनातन पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन…” आणि पुढे बराच वेळ. माझा आवाजही तसा, सभेत लावतो तो. मधेच तो म्हणाला, “पास्टर, थांबा जरा. मला भीती वाटतेय. एवढंच सांगा त्याला.” मी डोळे उघडले. त्याचे उघडेच होते, छताकडे लागलेले. मग मी म्हटलं, “प्रभू, याला भीती वाटतेय.” पुढे काही सुचलं नाही, आम्ही दोघंही गप्प बसलो. त्या वर्षी मी केलेल्या सगळ्या प्रार्थनांत तेवढी एक मला आठवते.

मराठीत एक गंमत आहे. आपण देवाला ‘तू’ म्हणतो. आईला म्हणतो तसं, जिवाभावाच्या मित्राला म्हणतो तसं. आणि ‘तू’ म्हणून झाल्यावर पुढचं सगळं वाक्य मात्र सरकारी अर्जासारखं लिहितो. ‘तरी तू आमच्या विनंतीचा कृपाळूपणे स्वीकार करावा’ असं आईशी कोण बोलतं? जुन्या उपासना-पुस्तकातली भाषा मला आवडते, तिला तिची जागा आहे, सगळ्यांनी मिळून म्हणायला तीच बरी पडते. पण दार लावून बसल्यावर तीच वापरली तर तिच्या आड लपायला सोपं जातं. बायबलमधल्या, मूल नसलेल्या हन्नाची प्रार्थना आठवा: मंदिरात तिचे ओठ नुसते हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. आतलं दुःख तिने देवापुढे जसंच्या तसं ओतलं होतं. धर्माची माहिती असलेल्या माणसाला ती प्रार्थना वाटली नाही, एवढंच.

तर पहिली गोष्ट ही. उद्या बसाल तेव्हा जे खरं आहे त्या वाक्याने सुरुवात करा, मग ते कितीही अशोभनीय असो. ‘मला आज बसायची इच्छा नाही.’ ‘मला तुझा राग आलाय.’ ‘मुलाचं नाव घ्यायचाही कंटाळा आलाय.’ असं वाक्य कुठे मिळेल हे सुचत नसेल तर बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यांत विलापाची संख्या इतकी मोठी आहे की पहिल्यांदा मोजायला घेतलं तेव्हा मी चकित झालो होतो. उपासनेत आपण स्तुतीची आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ निवडतो, बाकीची तशीच राहतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळदेखील नाही. ते कोणी काढून टाकलं नाही, पवित्र शास्त्रात ठेवलं. स्वतः प्रभू येशूनेही वधस्तंभावर नवे शब्द शोधले नाहीत. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, आणि ‘तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो’ हे एकतिसाव्यातलं. त्याने उसने घेतले, तर आपण घ्यायला लाज कसली?

हे करायचं कसं, ते तुमच्याच प्रश्नावर दाखवतो. तेरावं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. पहिली ओळ मोठ्याने वाचा, हळू. मग थांबा आणि त्या ओळीला आपलं वाक्य जोडा: ‘किती काळ? सहा वर्षं झाली, प्रभू. तो फोन उचलतो तेव्हा दोन शब्द बोलतो आणि ठेवतो.’ पुढची ओळ: तू किती काळ तोंड लपवणार? ‘मला वाटतं तू ऐकत नाहीस. हे मी मंडळीत कुणाला सांगू शकत नाही.’ मग मनातल्या मनात चाललेल्या विचारांची आणि रोजच्या दुःखाची ओळ येते; तिथे रात्री तीनला जागं होऊन काय काय मनात येतं ते सांगा. तिसऱ्या ओवीत स्तोत्रकर्ता दावीद मागतो: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश आण. इथे लक्ष द्या, डोळे मागणाऱ्याचे आहेत. तुमच्या डोळ्यांसाठी तुम्ही कधी मागितलंय का? शेवटी विश्वासाची आणि गाण्याची ओळ आहे. ती आज खरी वाटत नसेल तर ओढूनताणून आपली करू नका. ‘हे मला अजून म्हणता येत नाही, पण दावीद म्हणाला होता’ असं सांगून ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी परत तेच स्तोत्र. मी एका स्तोत्रावर आठवडा काढतो, कधी जास्तही.

यात वीस मिनिटं कशी गेली ते कळणार नाही. पण वीस मिनिटांच्या मागे लागू नका.

आता भरकटणारं मन. अविलाची तेरेसा, सोळाव्या शतकातली, प्रार्थनेच्या बाबतीत जिचं नाव आजही पहिल्या ओळीत घेतात, तिने लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडेच असायचं, घड्याळाचे ठोके पडायची ती वाट बघायची. हे वाचून मला इतकं हायसं वाटलं की मी पुस्तक मिटून हसलो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला त्याच्या न्हाव्याने, पेटर त्याचं नाव, प्रार्थना कशी करावी असं विचारलं होतं. 1535 साली ल्यूथरने त्याला सविस्तर लिहून दिलं. त्यात तो न्हाव्याला त्याच्याच कामाचा दाखला देतो: वस्तरा हातात असताना चांगला न्हावी मन आणि नजर त्या वस्तऱ्यावरच ठेवतो, गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, नाहीतर गळा. पण तोच ल्यूथर पुढे असंही सांगतो की प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, म्हणताना एखाद्या ओळीवर मनात चांगले विचार दाटून आले तर बाकीच्या ओळी सोडून दे, गप्प हो आणि ऐक, कारण तेव्हा पवित्र आत्मा शिकवत असतो. म्हणजे मन इकडेतिकडे गेलं की दर वेळी ते वाईटच असं नाही. कुठे गेलं ते बघावं लागतं.

मी शेजारी एक कागद ठेवतो. ‘बिल भरायचं राहिलं’ असं आलं की लिहितो आणि परत येतो. कागदावर गेलं की ते डोक्यात टोचत नाही. पण तीन दिवस लागोपाठ मन एकाच माणसाकडे किंवा एकाच काळजीकडे पळत असेल, तर तो व्यत्यय समजू नका, आजचा विषय तोच आहे. तिथूनच बोला. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यात बायबल असलं तरी. छापील घ्या.

आधी वाचन की आधी प्रार्थना, हा वाद मी घालत नाही, पण एक अनुभव सांगण्यासारखा आहे. ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणारा जॉर्ज म्युलर, ज्याचं नाव प्रार्थनेच्या सामर्थ्याबद्दल सगळे घेतात, त्याने 1841 मध्ये लिहिलंय की आधीची बरीच वर्षं तो उठल्याबरोबर प्रार्थनेला लागायचा आणि मन जागेवर यायलाच कधी पाव तास, कधी अर्धा तास जायचा. मग त्याने क्रम बदलला: आधी वचन थोडंथोडं वाचून त्यावर मनन, आणि त्यातून आपोआप सुरू होईल ती प्रार्थना. अडचण जवळजवळ गेली असं तो सांगतो. माझ्या बाबतीतही हेच झालं. कोरड्या मनाने पहिलं बोलणं आपण करायचं नाही, पहिलं वाक्य त्याला बोलू द्यायचं.

वेळेबद्दल लोक फार विचारतात आणि त्यात फार काही नाही. दहा मिनिटं, ठरलेली जागा, ठरलेली वेळ. पहाट पवित्र आहे असं काही नाही. प्रभू मोठ्या पहाटे एकांतात गेला हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे, तसं तो रात्रभर प्रार्थनेत होता हे लूकमध्ये आहे. रात्रपाळी करणाऱ्याने पहाटेचा हट्ट धरू नये. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या संन्याशाने आपल्या मठासाठी जो नियम घालून दिला त्यातही प्रार्थना थोडी आणि शुद्ध असावी असंच आहे, आणि ज्यांना तो लागू होता त्यांना दुसरं कामच नव्हतं असं आपल्याला वाटतं! गुडघे टेकून, बसून, चालत, कसंही करा. उपास ज्याला झेपतो त्याने करावा, औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

दिवसभरात मात्र एकेका वाक्याच्या प्रार्थना करत राहा. जुन्या करारातला नहेम्या पर्शियाच्या राजापुढे उभा आहे, राजा विचारतो ‘तुझं मागणं काय?’, आणि प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये तो देवाची प्रार्थना करतो. किती वेळ असेल तो? एक श्वास. पण त्याआधी जवळजवळ चार महिने तो याच गोष्टीसाठी, मोडून पडलेल्या यरुशलेमसाठी, रडत, उपास करत होता. तो श्वास त्या चार महिन्यांच्या जोरावर उभा होता. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच दिवसभर म्हणायची रीत शेकडो वर्षं चालत आलीय. जिना चढताना म्हणून बघा.

आता एक गोष्ट जी विचारलेली नाहीत, पण सांगितली नाही तर उत्तर अर्धं राहील. माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं वडिलांच्या घरावरून बिनसलं होतं. आठ महिने बोलणं बंद. मी रोज प्रार्थनेला बसत होतो, उपदेश करत होतो, सगळं चालू. एका रात्री घरच्या प्रार्थनेनंतर बायको म्हणाली, “तुम्ही एक ओळ गिळता.” मला कळेना. ती म्हणाली, “‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही. तिथे आला की तुम्ही पळता.” मी नाही म्हटलं. दुसऱ्या रात्री मुद्दाम लक्ष दिलं, आणि खरंच, ती ओळ मी एका दमात उडवत होतो. मत्तयाचा सहावा अध्याय काढून बघा: ही प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू तिच्यातल्या एकाच मागणीवर परत येतो, ती क्षमेची. भाकरीवर नाही, परीक्षेवर नाही.

भावाला फोन केला, त्याने उचलला नाही. तीन दिवसांनी परत केला. चार मिनिटं बोललो, त्यातली तीन त्याच्या गुडघ्याबद्दल. घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण प्रार्थनेत कित्येक महिने जी भिंत वाटत होती ती त्या आठवड्यात गेली. ज्यांना प्रार्थना छतापर्यंत जाऊन खाली पडल्यासारखी वाटते त्यांना मी आता पहिलं हेच विचारतो, कुठली ओळ गिळताय?

मुलाचं बोलू. सहा वर्षं. ‘विश्वास कमी पडतोय’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते सोडून द्या. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने पित्याकडे दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा मागितलं, तेच शब्द परत परत. विश्वास कमी होता म्हणून नव्हे. उत्तर का येत नाही हे मला माहीत नाही, आणि ज्यांना नेमकं माहीत असतं त्यांच्यापासून मी जरा लांबच राहतो.

मागणं कसं असावं यात मात्र फरक करता येतो. ‘त्याला परत आण’ हे सहा वर्षं मागितलं की त्यात हळूहळू आपलीच इज्जत, आपलाच अपराधभाव मिसळतो. मंडळीत लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं, तेही मिसळतं. म्हणून त्याच्यासाठी, त्याच्या बाजूने मागा. आज त्याला कामावर कुणीतरी नीट वागवू दे. त्याला एक खरा मित्र मिळू दे. मी पुढच्या वेळी फोन करीन तेव्हा मंडळीचा विषय काढणार नाही, माझं तोंड सांभाळ. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे मित्र पक्षाघाती माणसाला छत उकलून खाली सोडतात. ते येशूशी एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. त्यांनी त्याला उचलून आणलं आणि दोर धरून ठेवले. मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली, प्रार्थना मला अशीच दिसते. काही दिवस तर नुसतं नाव घ्यायचं आणि दोर धरून बसायचं. शब्द नसतील तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहेच.

वही ठेवायची असेल तर ठेवा. आमच्या मंडळीत एक आजी होत्या, त्यांची वही त्यांच्या पश्चात मी पाहिली. डावीकडे मागणं आणि तारीख, उजवीकडे उत्तर आणि तारीख. उजवीकडची बरीच जागा रिकामी होती. काही ठिकाणी उत्तराच्या जागी ‘नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि दोन-तीन जुन्या मागण्यांवर नंतरच्या शाईने ‘बरं झालं दिलं नाहीस’.

एक सांगायला हवं: कित्येक आठवडे झोप नसेल, उठावंसं वाटत नसेल, रडू थांबत नसेल, तर ते प्रार्थना कमी पडल्याचं लक्षण समजू नका, डॉक्टरांकडे जा. एलीयाला आधी झोप आणि अन्न मिळालं, संवाद चाळीस दिवसांनी झाला.

राहिले तुमचे यजमान. गप्प बसतात म्हणजे प्रार्थना करत नाहीत, असं धरू नका. तुमच्यासमोर शब्द जुळवायचा संकोच असेल. बऱ्याच पुरुषांचं असंच असतं, माझे वडीलही तसेच होते. त्यांना ‘आज तुम्ही करा’ म्हणू नका. रात्री दिवा मालवण्याआधी दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा, फक्त तेवढीच, एका सुरात, कुणालाच काही सुचवावं लागू नये अशी. अगदी सुरुवातीच्या मंडळीत ती दिवसातून तीनदा म्हणायची शिकवण होती, तुम्ही एकदा म्हणा. मग मुलाचं नाव घ्या, आमेन म्हणा आणि झोपा. काही आठवड्यांनी एखाद्या रात्री नाव तुमच्याआधी ते घेतील. नाही घेतलं तर तुम्ही घ्या.